खून आणि खूण

रहस्यकथा वाचणाऱ्याला आपल्या समाजात अद्याप प्रतिष्ठा नाही. काव्य वाचणारा रसिक, चरित्रे वाचणारा अभ्यासू, ज्ञानेश्वरी वाचणारा भाविक, पण हातात रहस्यकथा दिसली की पाहणारा "वेळ घालवताय वाटतं!" असे म्हणून मोकळा होतो. सरकारी नोकरीतल्या माणसाची तर अधिकच पंचाईत. दौऱ्यावर निघालेल्या अधिकाऱ्याच्या बॅगेत वर सेवानियमांचे जाडजूड पुस्तक असते, आणि मुखपृष्ठावर पिस्तूल असलेले दुसरे पुस्तक कपड्यांच्या घडीखाली मुकाट्याने प्रवास करीत असते. आम्ही मात्र हा आळ आनंदाने पत्करला आहे, आणि वर त्यात एका पोरखेळाची भर घातली आहे. वाचलेल्या रहस्यकथेतील मोक्याची जागा आम्ही खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या विटांनी बांधून पाहतो.

हे 'आम्ही' आदरार्थी नव्हे. ते खरेखुरे अनेकवचन आहे. दोन मुले, त्यांची आई आणि रात्री जेवणानंतर मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम ज्याच्याकडे आहे तो कुटुंबप्रमुख, असा चौघांचा हा कारखाना जबलपूरच्या सरकारी बंगल्यातील जेवणाच्या टेबलावर चालतो. गोष्ट मराठीतून वाचायची, मराठीत नसेल तर वाचता वाचता मराठीत सांगायची, आणि ज्या खोलीत प्रकार घडला ती खोली शेवटचे प्रकरण उघडण्यापूर्वी उभी करायची, एवढेच त्याचे नियम.

रहस्यकथेला चित्रांची सोबत जुनीच आहे. आमच्या आधीच्या पिढीने बाबूराव अर्नाळकर वाचले. १९०६ ते १९९६ असे दीर्घायुष्य लाभलेल्या या लेखकाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि धनंजय, झुंजार, काळा पहाड ही नावे घरोघर पोहोचवली. त्यांच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर रघुवीर मुळगावकरांच्या कुंचल्याने रंगवलेले चेहरे वाचकाला दुकानाच्या दारातच पकडत. तिकडे इंग्लंडात शेरलॉक होम्सच्या कथा १८९१ पासून 'स्ट्रँड' मासिकात येऊ लागल्या, तेव्हा सिडनी पॅजेटने त्याला कानांवर झडपा असलेली शिकारी टोपी घातली. तिचे नाव मूळ कथांत कोठेही आलेले नाही. पण आज ती काढून घेतली तर होम्सला कोणी ओळखणार नाही. चित्रकाराची सत्ता ही अशी असते.

परंतु चित्र चेहरा दाखवते. खोली दाखवत नाही. चित्रकाराला खोलीचा एक कोपरा पुरतो, उरलेले तीन तो अंधारात सोडून देऊ शकतो. लेखकांनाही ही उणीव जाणवली असावी. १८९३ च्या 'द नेव्हल ट्रीटी' या कथेत होम्सच्या अशिलाने काढलेला कचेरीचा कच्चा नकाशाच छापलेला आहे, आणि अगाथा ख्रिस्तीच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच कादंबरीत घराच्या मजल्याचा आराखडा आहे. नकाशा चारी भिंती दाखवतो खरा, पण त्यात उंची नसते. खिडकीतून माणूस आत येऊ शकेल काय, हा प्रश्न नकाशाला विचारून उपयोग नाही. तो विटांनाच विचारावा लागतो.

या विटांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. डेन्मार्कमधील बिलुंड या गावी एका सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करण्याचा उद्योग सुरू केला. त्याचाच पुढे लेगो झाला. एकमेकींना घट्ट धरून राहणाऱ्या आजच्या विटेच्या एकस्वासाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज झाला, आणि तेव्हाची वीट आजच्या विटेवर अजूनही बरोबर बसते. विटेच्या माथ्यावर वाटोळ्या गुंड्या असतात. एका गुंडीपासून दुसरीचे अंतर ८ मिलिमीटर. १९७८ पासून त्यांच्याबरोबर मिळणारी बाहुली ४ सेंटिमीटर उंचीची. म्हणजे चाळीसास एक असे प्रमाण धरले की बाहुली सव्वापाच फुटांचा माणूस होते, आणि बारा फूट लांब, दहा फूट रुंद अशी खोली साधारण साडेअकरा गुंड्या लांब व साडेनऊ गुंड्या रुंद भरते. अर्धी गुंडी कोठे टाकायची यावर आमच्या घरी जे वाद होतात, त्यांपुढे अर्थसंकल्पावरील चर्चा फिकी पडावी.

ज्यांचे बालपण महाराष्ट्रात गेले त्यांना यात नवे काही वाटणार नाही. दिवाळीत अंगणात दगडमातीचा किल्ला करून, त्यावर अळीव पेरून, बुरुजाबुरुजावर मातीचे मावळे उभे करणे, हे तरी दुसरे काय आहे? इतिहास वाचून भागत नाही, तो हातांनी रचावा लागतो, हे आपल्या पूर्वजांनी केव्हाच ओळखले होते. तिथे महाराज सिंहासनावर बसतात, आमच्याकडे मयत पलंगावर निजतो, एवढाच फरक.

बांधल्याने काय साधते, ते होम्सच्या एका प्रसिद्ध कथेवरून सांगतो. १८९२ च्या 'द स्पेकल्ड बँड' या कथेत कलकत्त्याला वैद्यकी केलेला एक तापट डॉक्टर आपल्या जुन्या वाड्यात राहतो. एका ओळीत तीन निजायच्या खोल्या: पहिली त्याची, मधली एका सावत्र मुलीची, तिसरी तिच्या जुळ्या बहिणीची. मधल्या खोलीत आतून दार लावून निजलेली मुलगी एका रात्री अकस्मात मरण पावते. आणि पुढे डागडुजीच्या निमित्ताने तिच्या बहिणीला त्याच खोलीत निजावे लागते. खोलीत नोकराला बोलावण्यासाठी घंटेचा दोर आहे, छताजवळ एक झरोका आहे, पलंग जागचा हलत नाही. वाचताना हे तिन्ही तपशील डोळ्यांखालून सहज निघून जातात. वाड्यांत झरोके असायचेच, दोर असायचेच!

आमच्या दहा वर्षांच्या कन्येने भिंत रचली, झरोक्यासाठी एक वीट गाळली आणि त्याच्यावर दोरा अडकवला. मग तिने दोरा ओढून पाहिला आणि विचारले, "बाबा, हा दोर भिंतीपलीकडं कुठं जातच नाही, तर घंटा वाजणार कशी?" थोड्या वेळाने दुसरा प्रश्न आला, "झरोका तर शेजारच्या खोलीत उघडतोय. मग त्यातून वारा येणार कसा?" होम्सने काढलेले दोन्ही निष्कर्ष तिने विटा हातात असल्यामुळे काढले. घंटेचा दोर घंटेला बांधलेला असतो हे आपण वाचताना गृहीत धरतो, आणि गृहीत धरलेल्या गोष्टींच्या आड तर रहस्यकथेतला गुन्हेगार लपत असतो. विटांना काहीही गृहीत धरता येत नाही. जिथे वीट लावली नाही तिथे भोक राहते.

पलंगापाशी एक गंमत झाली. तो जमिनीला कसा बसवला होता, हे सांगताना आम्ही "खिळलेला" हा शब्द वापरला. मुलांनी तो आजारी माणसाविषयी ऐकला होता. आजोबा शेवटी अंथरुणाला खिळले होते. इथे माणूस धडधाकट आणि अंथरूणच जमिनीला खिळलेले! दोन्ही वाक्यांत तोच खिळा आहे, हे त्या दिवशी पलंगाचे चार पाय गुंड्यांवर दाबून बसवताना त्यांच्या ध्यानात आले.

पाश्चात्त्यांनी या खेळाला फार वरचा दर्जा दिला आहे. १९५१ च्या ब्रिटनमधील महोत्सवात होम्सची बैठकीची खोली वस्तूवस्तूंनिशी उभारली गेली, आणि १९५७ पासून ती लंडनमधील एका पानगृहाच्या माडीवर जतन केलेली आहे. त्याहून विलक्षण काम अमेरिकेतील फ्रान्सिस ग्लेसनर ली या बाईंचे. १८७८ साली श्रीमंत घरात जन्मलेल्या या बाईंनी, संशयास्पद मृत्यूंचा तपास पोलिसांना शास्त्रशुद्ध रीतीने करता यावा म्हणून, १९४० नंतरच्या दशकात बाहुलीघरांसारख्या खोल्यांची मालिका तयार करवली. प्रमाण एका फुटाला एक इंच. दिवे लागतात, दारे उघडतात, आणि बाहुल्यांच्या पायांतील मोजे टाचणीएवढ्या सुयांवर विणलेले आहेत. शिकाऊ तपासनिसाला ठरावीक वेळ द्यायचा आणि त्याला काय दिसले ते विचारायचे, अशी पद्धत. १९६२ साली बाई वारल्या. त्यांच्या खोल्या बाल्टिमोर येथे राखून ठेवण्यात आल्या, आणि २०१७ साली वॉशिंग्टनमधील एका कलादालनात त्या लोकांना पाहायला मिळाल्या. उत्तरे मात्र गुप्तच राहिली, कारण ती फुटली तर शिकवायचे काय? पोरखेळ म्हणून हिणवणाऱ्यांनी या बाईंचे स्मरण ठेवावे.

पण आमच्या खेळाचे मर्म याहून निराळ्या ठिकाणी आहे, आणि ते परप्रांतात नोकरी करणाऱ्यालाच नीट कळेल.

जबलपूर मराठी माणसाला परके नाही. १७८१ पासून १८१७ पर्यंत येथे मराठ्यांचा अंमल होता. पुढे मध्यप्रांताची राजधानी नागपूर असताना मराठी वकील, शिक्षक आणि कारकून यांची येथे चांगली वस्ती झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रांतांची फेररचना झाली. नागपूर तिकडे गेले आणि नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरास आले. मराठी मंडळी राहिली, पण त्यांची मराठी हळूहळू देवघरात आणि स्वयंपाकघरात शिरली. आमच्यासारख्या बदलीवाल्यांच्या मुलांचे तर त्याहून कठीण. शाळेत हिंदी आणि इंग्रजी, मैदानावर हिंदी, संगणकावर इंग्रजी. मराठी उरली ती आजीच्या फोनपुरती. तेरा वर्षांच्या चिरंजिवांनी एके दिवशी शांतपणे विचारले, "बाबा, मराठीचा उपयोग काय?" प्रश्नात उद्धटपणा नव्हता, हेच अधिक बोचणारे होते. मातृभाषेचा अभिमान, संतांचा वारसा, शिवरायांची आज्ञापत्रे, ही उत्तरे जिभेवर आली आणि तिथेच थांबली. ती सगळी खरी आहेत. पण मुलाने उपयोग विचारला होता.

उत्तर मिळाले ते एका फाटक्या पुस्तकातून. जबलपुरातील एका जुन्या मराठी बिऱ्हाडाची आवराआवर चालू असता, रद्दीतून आम्ही ते उचलून आणले होते. मुखपृष्ठ नाही, कर्त्याचे नाव नाही, पहिली आठ पाने नाहीत. कथा साधी. एक सावकार आपल्या खोलीत मारला जातो. दाराशी पहारेकरी जागा. आणि खुनी, असे पुस्तक सांगते, रात्रभर कपाटात उभा होता.

चिरंजिवांनी खोली बांधली आणि मागच्या भिंतीत दुसरे दार बसवले. कपाट म्हणजे दार! जबलपुरात वाढणाऱ्या मुलाचे यात काय चुकले? बद्रीनाथाचे 'कपाट' उघडल्याची बातमी हिंदी वर्तमानपत्रांत दरवर्षी येते, आणि तिथे कपाट म्हणजे दाराची फळीच असते. दुसरे दार झाले म्हणजे पलीकडे खोली आली. आणि पलीकडच्या खोलीत, कथेप्रमाणे, सावकाराचा म्हातारा कारकून निजला होता. झाले! दार त्याच्या खोलीत उघडते, धन्याकडे त्याचा पगार थकलेला आहे, सकाळी त्याचे हात कापत होते. आमच्या टेबलावर बिचाऱ्याला अटक झाली, आणि तेरा वर्षांच्या न्यायमूर्तींनी शिक्षाही ठोठावली.

आम्ही तोंडातून अक्षर काढले नाही. कन्या मात्र खोलीभोवती फिरत होती. तिने पहारेकऱ्याची बाहुली उचलली आणि म्हणाली, "दादा, दोन दारं असताना हा एकाच दाराशी का बसलाय?" दादा म्हणाले, "मूर्ख असेल." पण पुस्तकाने त्याला हुशार म्हटले होते. मग मागची पाने चाळणे सुरू झाले, आणि एक वाक्य सापडले: कपाटाच्या फळ्या काढून खाली ठेवलेल्या होत्या. दाराला आडव्या फळ्या कशा असतील? दोन्ही भावंडे गप्प झाली. मग चिरंजिवांनी दार उपटले, भिंत पुरी केली, भिंतीच्या पोटात एक खोलगट जागा केली आणि तिच्यात खुनी उभा केला. तो बरोबर मावला. कारकून सुटला.

त्या रात्री मुलाने आपल्या वहीत लिहिले: कपाट — हिंदीत दार, मराठीत अलमारी. हा धडा आम्ही शिकवला असता तर दुसऱ्या दिवशी विसरला गेला असता. पण एका निरपराध माणसाची मान त्या शब्दात अडकली होती, म्हणून तो आता जन्मभर विसरणार नाही.

तेव्हापासून शब्दांची झडती सुरू झाली. कडी आणि कोयंडा हे वेगळे. अडसर आतूनच घालता येतो, बाहेरून नव्हे. बिजागरी ज्या बाजूला तिकडे दार उघडते. उंबरठ्यावरचे पाऊल आणि ओसरीवरचे पाऊल एकच नसते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली मुलेही यांतले निम्मे शब्द आता वापरत नसतील. आमच्याकडे त्यांच्यावाचून खुनी सापडत नाही.

सर्वांत मोठा वाद एका अक्षरावरून झाला. इकडच्या हवेत मुलांचा 'ण' नरम पडून 'न' होतो. चिरंजीव म्हणाले, "खिडकीखाली खून सापडली." कन्येने ताबडतोब हरकत घेतली: खून होतो आणि खूण सापडते, शिवाय खून 'तो' आणि खूण 'ती'. त्यातून हिंदीत खून म्हणजे रक्तही, तेव्हा खिडकीखाली नेमके काय होते — रक्त, पावलाचा ठसा की प्रेत — याचा उलगडा व्हायला पाच मिनिटे लागली. एका अक्षराच्या अंतरावर गुन्हा आणि पुरावा उभे आहेत! मराठीने जणू रहस्यकथेसाठीच ही जोडी घडवून ठेवली असावी. चिरंजीव आता 'ण' असा उच्चारतात की शेजारच्या बंगल्यात ऐकू जावा.

शब्दांच्या या झडतीला जबलपूरइतके योग्य स्थळ दुसरे नाही. विल्यम स्लीमन हा इंग्रज अधिकारी १८३५ साली ठगीच्या निर्मूलनाचा प्रमुख झाला, तेव्हा त्याचे ठाणे येथेच होते. त्याने पुढच्याच वर्षी एक कोश प्रसिद्ध केला: ठगांची गुप्त बोली 'रामासी', तिच्या शब्दांचा संग्रह. खून करण्यासाठी हेरून ठेवलेल्या जागेला त्या बोलीत 'बेल' म्हणत. गळा आवळण्याचा इशारा ती 'झिरनी'. तंबाखूची साधी मागणी हाच इशारा असे, असेही सांगत. स्लीमनने या जागांचे नकाशे आखले, टोळ्यांच्या वंशावळी लिहून काढल्या, आणि त्याने उभारलेले ते खाते १९०४ साली मध्यवर्ती गुन्हे अन्वेषण खात्यात रूपांतरित झाले. कोश, नकाशा आणि वंशावळ या तीन साधनांनिशी तपास कसा करतात, याचा एक मोठा पाठ आमच्या टेबलापासून फार दूर नसलेल्या कचेऱ्यांत गिरवला गेला.

तरी त्या कामाकडे आज इतिहासकार सावधपणे पाहतात. माफीचे साक्षीदार एका बोलीत सांगत. दुभाषी ते दुसरीत आणी. इंग्रज अधिकारी तिसरीत लिही. आणि त्या कागदावर शेकडो माणसे फासावर गेली. अनेक ठिकाणी साक्षीदारांनी दाखवलेल्या जागी खणल्यावर प्रेते निघाली. त्या जागेने साक्षीला पुष्टी दिली. पण जिथे जागा बोलली नाही, नुसता शब्दच होता, तिथे काय झाले असेल? आमच्या टेबलावर एका 'कपाटा'ने एका कारकुनाला अडकवले, आणि ते दार उपटून काढायला एक चौकस मुलगी होती. त्या कागदांत किती कपाटांची दारे झाली असतील, आणि ती कोणी उपटली असतील?

परप्रांतातील अधिकाऱ्याला हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. आपल्यापुढे अर्ज येतो एका भाषेत, त्यावर टिपण लिहायचे दुसरीत, आणि मनाशी विचार चालतो तिसरीत. अर्जदार सांगतो ती विहीर, तो बांध, ती सामाईक भिंत आपण पाहिलेली नसते. सही करताना त्या तीन भाषांच्या मधल्या फटीत कोणाची मान नाही ना, हे पाहावे, एवढी सवय या विटांनी लावली. आता आम्ही समोर बसलेल्या अर्जदाराला कागद आणि पेन्सिल देऊन "जरा जागा काढून दाखवा" असे म्हणतो. कचेरीत त्याची थोडी थट्टा होते. पण पेन्सिल हातात घेतली की अर्जातल्या तीन पानांपेक्षा अधिक कळते.

सध्या टेबलावर एका वाड्याचे माजघर उभे आहे. काम अडले आहे ते एका शब्दावर. त्याच फाटक्या पुस्तकातल्या दुसऱ्या कथेत मृत्युपत्र 'फडताळात' ठेवले होते असे लिहिले आहे, आणि फडताळ हे कपाटाहून वेगळे की तेच, यावर भावंडांचे एकमत होईना. कोश उघडावा असे आम्ही सुचवले. चिरंजिवांनी तो न उघडता फोन उचलला आणि आजीला विचारले. आजीने फडताळाची लांबी-रुंदी सांगितली, त्यात खालच्या खणात लोणच्याच्या बरण्या आणि वरच्या खणात जमिनीचे कागद कसे असत ते सांगितले, मग ते कागद कोणी आणि केव्हा पळवले ते सांगितले. पाऊण तास झाला तरी चिरंजीव ऐकतच होते, आणि दुसऱ्या हाताने वहीत काहीतरी आखत होते.